हळदीचं युनिट टाकायचंय, तर मुद्रा, पीएमईजीपी की पीएमएफएमई?

सांगलीत हळद पावडरचं छोटं युनिट टाकायचं डोक्यात असेल तर आधी एक लक्षात घ्या, महापालिकेमार्फत फेरीवाल्यांना स्वनिधीचं कर्ज मिळतं, पण पल्व्हरायझर (दळायचं मशीन), पॅकिंग मशीन असल्या खर्चाला केंद्राची नाहीतर राज्याची योजना धरून बँकेतच जावं लागतं.

मुद्रा सगळ्यात सोपं, तारण नको, ‘तरुण’ नावाच्या कर्जगटात १० लाखांपर्यंत मिळतं, पण सबसिडी नाही. एखादंच मशीन घ्यायचंय तर बास आहे.

खरा प्रश्न बाकी दोघांत आहे. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, युनिट कुठल्या हद्दीत आहे त्यावर सबसिडी बरीच ठरते. समजा प्रोजेक्ट २० लाखांचा नि अर्जदार ओपनमधला पुरुष, तर कुपवाडला महापालिका हद्द म्हणून १५ टक्के म्हणजे ३ लाख, आणि तेच बुधगावला ग्रामपंचायत हद्दीत टाकलं तर २५ टक्के म्हणजे ५ लाख, एवढ्याशा अंतरात २ लाखांचा फरक पडतो! अर्जदार महिला असेल तर बुधगावला ३५ टक्के, शिवाय स्वतःचा हिस्सा १० ऐवजी ५ टक्केच. फक्त नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो, आणि युनिट नवीनच पाहिजे.

पीएमएफएमई, म्हणजे केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, फक्त अन्नप्रक्रियेला, पण तिथं शहर-गाव, बाई-पुरुष काही बघत नाहीत, सरसकट ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. चालू गिरणी वाढवायची असेल तरी चालतं, म्हणून आधीपासून हळद दळणाऱ्यांनी हीच धरावी असं मला ठामपणे वाटतं. ओपनमधल्या पुरुषाला गावातसुद्धा ४० लाखांच्या प्रोजेक्टपर्यंत हीच फायद्याची.

पण खेळत्या भांडवलाचं काय ते नीट बघा. हळकुंडं सीझनला मार्केट यार्डातनं एकदम उचलावी लागतात, तिथंच पैसा अडकतो. पीएमईजीपीत खेळतं भांडवल प्रोजेक्टमध्ये धरता येतं, पीएमएफएमईची सबसिडी मशिनरी आणि त्याला लागणाऱ्या बांधकामावरच. आणि दोन्हीकडं सबसिडी हातात येत नाही, ३ वर्षं बँकेतच अडकून राहते, म्हणजे हप्ते धंद्यातनंच भरायचे.

दोन्ही योजनांची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची, त्यामुळं मशीनचं कोटेशन घ्यायच्या आधी पीएमईजीपीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात आणि पीएमएफएमईसाठी कृषी विभागात अर्ज चालू आहेत ना ते विचारून घ्या.