वाकडा पाय घेऊन जन्मलेलं बाळ: मालिश, प्लास्टर की मोठं ऑपरेशन?

माझी लेक जन्मली तेव्हा तिचे दोन्ही पाय आत वळलेले होते, तळवे एकमेकांसमोर. भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतंस का? दुसरी म्हणाली, रोज तेल लावून चोळ, सव्वा महिन्यात सरळ होतील. तिसरी म्हणाली, वर्षाची झाली की ऑपरेशन करा, आत्ता कशाला एवढ्याशा जिवाला त्रास! लेक आज सात वर्षांची आहे आणि शाळेत लंगडी खेळते. तेव्हा आम्ही जिथे उभे होतो तिथे आज जे आईबाप आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ग्रहणाचं आधी संपवते. जन्मतःच असा आत वळलेल्या पायाला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. तो साधारण हजारातल्या एका बाळाला होतो, मुलींपेक्षा मुलग्यांना सुमारे दुप्पट, आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही. आईने विळी हातात धरली म्हणून पाय वाकडा होत नाही. ही गोष्ट घरात एकदा ठणकावून सांगा, कारण पुढची चार वर्षं त्या आईच्या अंगात बळ लागणार आहे.

आता मालिश. काही बाळांचा पाय पोटात दुमडून राहिल्यामुळे वाकलेला दिसतो, पण बोटाने हलकेच ढकलला की सरळ होतो. तो आपोआप किंवा साध्या व्यायामाने सुधारतो. खरा क्लबफूट ताठ असतो. टाच वर ओढलेली, पाऊल आत वळलेलं, हाताने सरळ होतच नाही. दोन्हींतला फरक हाडांच्या डॉक्टरांनीच सांगायचा. ताठ पायाला तेलाने चोळल्याने फरक पडत नाही, आणि हाडांना हाडं जोडणारे अस्थिबंध सगळ्यात मऊ असतात ते पहिले आठवडे मात्र हातचे जातात.

हातांनीच करायची एक शास्त्रशुद्ध पद्धतही आहे, फ्रान्समधली. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट पहिले काही आठवडे रोज अर्धा तास पाय हळूहळू वळवतो, मग चिकटपट्ट्या आणि स्प्लिंटने धरून ठेवतो. तिथे तिचे निकाल चांगले आहेत. पण बाळंतपण होऊन पंधरा दिवस झालेल्या बाईने तालुक्याच्या गावाहून रोज शहर गाठायचं कसं? त्यात ती पद्धत शिकलेला माणूस शोधायचा. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी हा पर्याय मी बाजूलाच ठेवेन.

खरा निर्णय असतो पोन्सेटी पद्धतीचं प्लास्टर, म्हणजे दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवून घातलेलं प्लास्टर, आणि मोठं ऑपरेशन या दोघांत. मोठ्या ऑपरेशनमध्ये पायाच्या मागचे आणि आतल्या बाजूचे सांधे उघडून अस्थिबंध सोडवतात. त्याच दिवशी पाय सरळ दिसतो, आणि आजीआजोबांना ते पटतंही. पण आत व्रण धरतात. अशा अनेक मुलांचे पाय मोठेपणी ताठरतात, दुखतात, काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे असेच पाय पाहिले आणि 1940च्या दशकाच्या अखेरीस दुसरी वाट धरली. त्यांच्या रुग्णांची तीसहून अधिक वर्षांनी तपासणी झाली. 1995 साली आलेल्या त्या अहवालात 78 टक्के रुग्णांचे पाय चांगले किंवा उत्तम होते. जन्मतः नीट पाय असलेल्या लोकांत तोच आकडा 85 टक्के होता. माझा निर्णय तिथेच झाला.

पण प्लास्टर म्हटलं की सगळं सारखंच असं समजू नका. जुन्या पद्धतीत चुकीच्या जागी दाब देऊन महिनोन् महिने प्लास्टर घालत, आणि शेवटी अनेकांना ऑपरेशन लागायचंच. म्हणून पहिल्याच भेटीत बघा: प्लास्टर मांडीपर्यंत आहे का? दर आठवड्याला बदलतात का? डॉक्टरांचा अंगठा घोट्यापुढे बाहेरच्या बाजूला वर आलेल्या हाडावर टेकलेला असतो. टाच कोणी धरून ओढत नाही. आमच्याकडे डॉक्टर मिनिटभर पाय नुसता हातात घेऊन बसायचे, लेक बाटलीतलं दूध प्यायची, आणि मग ओली पट्टी गुंडाळली जायची. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बाहेर वळतं. घरी आल्यावर काम एकच, बोटांवर नजर. बोट दाबून सोडलं की पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळसर पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

टाच मात्र बहुतेकांची शेवटपर्यंत वरच राहते. मग टाचेमागची शीर, म्हणजे कंडरा, बारीकशा छेदातून कापतात. बहुतेक बाळांत जागा बधिर करून काही मिनिटांत होतं, टाकाही लागत नाही. पुढच्या तीन आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये ती लांब होऊन पुन्हा जुळते. ‘ऑपरेशन नको म्हणून तर इथे आलो’ असं म्हणत काही कुटुंबं इथेच पाठ फिरवतात. तसं करू नका, हे मोठं ऑपरेशन नव्हे.

आणि मग बूट. प्लास्टर आठवड्यांचं असतं, बूट वर्षांचे. एका दांड्यावर बसवलेले दोन बूट, पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांची होईपर्यंत. दांड्यासकट बाळ साडीच्या झोळीत मावेना, म्हणून आम्ही खाली गोधडी अंथरली. पहिल्या दोन रात्री ती रडली, तिसऱ्या रात्री दोन्ही पाय एकदम उडवायला शिकली. दहा महिन्यांची असताना उन्हाळ्यात माहेरी गेले. उकाड्यात पोर घामाघूम व्हायची, सगळ्यांना कळवळा आला, आणि मी पंधरा दिवस बूट काढून ठेवले. परत आलो तर टाच वर चढू लागली होती. पुन्हा दोन प्लास्टरं झाली. ती चूक माझी होती. पाय पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट सुटणं हेच आहे.

म्हणून दवाखाना निवडताना नाव किती मोठं आहे यापेक्षा दर आठवड्याला पोचता येईल का, बूट लहान झाले की बदलून मिळतील का, हे विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, आणि अनेक सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या वारी हे उपचार मोफत होतात. तुमच्या आशाताईंना विचारा, त्यांना वार ठाऊक असतो. त्या ओळीत बसलेल्या दुसऱ्या आयांकडून मी मोजे घडी न पडू देता कसे चढवायचे ते शिकले.

बाळ वर्ष-दोन वर्षांचं झालं असेल तरी आधी पोन्सेटी शिकलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. प्लास्टरं जास्त लागतील, पण चालू लागलेल्या मुलांचे पायही यातून सरळ होतात.