एक्झिट पोलची संध्याकाळ: पाचपैकी दोन तारे

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. १ जून २०२४ ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून टीव्हीवर एक्झिट पोल सुरू झाले, तेव्हा मी सगळ्यात आधी सॅम्पल (किती मतदारांना विचारलं) आणि मार्जिन ऑफ एरर (आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो) शोधत होते. मी लावलेल्या चॅनलवर सॅम्पल लाखांत असल्याचं पुन्हापुन्हा सांगितलं. मार्जिनचा उल्लेखच नाही. पहिला तारा तिथेच कापला.

हजार मतदार चिठ्ठ्या काढून निवडले तरी टक्केवारी साधारण ३ ने इकडेतिकडे होतेच. उत्तर ४४ आलं तर खरा आकडा ४१ ते ४७ च्या पट्ट्यात धरायचा, आणि तोही ९५ टक्के खात्रीने: अशाच शंभर पाहण्या केल्या तर पाचेक वेळा खरा आकडा पट्ट्याबाहेर राहणार. दोन आघाड्यांतला फरक सांगायचा तर मार्जिन जवळपास दुप्पट होतं. आता महाराष्ट्र बघा. महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं, जागा मात्र ३० आणि १७. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. एवढासा फरक कुठल्या पाहणीला दिसणार?

टुडेज चाणक्य या पाहणी करणाऱ्या संस्थेने एनडीएला ४०० जागा देताना शेजारी अधिक-उणे १५ लिहिलं, हे मला मनापासून आवडलं. अ‍ॅक्सिस माय इंडियाने ३६१ ते ४०१ असा पट्टा दिला. निकाल २९३. पट्टा देऊनही तो हुकू शकतो, कारण मार्जिनमध्ये फक्त नमुना निवडतानाच्या योगायोगाचा हिशेब असतो. कोण बोलायलाच तयार झालं नाही, कोणी भीतीपोटी भलत्याच पक्षाचं नाव सांगितलं, मतांच्या जागा करताना काय गृहीत धरलं, हे त्यात येत नाही. अशी चूक लाखोंच्या सॅम्पलनेही जात नाही, आणि नेमकं हेच प्रेक्षकांना कुणी सांगितलं नाही. दुसरा तारा त्यासाठी गेला.

तिसरा गेला महिला, तरुण, शेतकरी अशा गटांच्या तक्त्यांमुळे. तक्ते देखणे होते, पण प्रत्येक गटात किती जणांना विचारलं ते कुठेच नव्हतं. गटात तीनशेच जण असतील तर मार्जिन साडेपाचच्या वर जातं. मग ‘तरुणांत ४ टक्क्यांची आघाडी’ यावर अर्धा तास चर्चा कशाला? पुढच्या वेळी प्रत्येक तक्त्याखाली गटाची संख्या द्या, मी तारा वाढवीन.