खेर्डीत घडवलेला क्वार्ट्झचा सेल: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

लोटे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी व्हॅनॅडियम फॉस्फेटवर काम करते. ब्युटेन वायूपासून मलेइक ॲनहायड्राइड (रेझिनसाठी लागणारा कच्चा माल) बनवायला कारखान्यांत १९७४ पासून हाच उत्प्रेरक वापरतात. ब्युटेनच्या एका रेणूतून १४ इलेक्ट्रॉन काढायचे आणि तरी तो जळून कार्बन डायऑक्साइड होऊ द्यायचा नाही, हे याला जमतं. कसं जमतं, ते काम चालू असतानाच बघायचं होतं, म्हणून हा सेल, म्हणजे उत्प्रेरकाची भुकटी आत तापवत लेझरने बघता येईल अशी क्वार्ट्झची नळी, करून घेतला.

आधी आम्ही रिॲक्टर थंड करून भुकटी बाटलीत भरायचो आणि रामन यंत्राखाली न्यायचो. ते भुकटीवर लेझर टाकतं आणि विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांवरून पदार्थ ओळखतं; त्या रेषांचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. इथे जुलैत झाकण उघडायचा अवकाश, हवेतलं पाणी आत शिरलंच. व्हीओपीओ४चे, म्हणजे जास्त ऑक्सिडाइझ झालेल्या व्हॅनॅडियम फॉस्फेटचे, काही प्रकार ते लगेच ओढून घेतात. मग जे दिसतंय ते ४०० अंशांवरचं की टेबलापर्यंत येताना झालेलं, काही कळत नाही. असे दोन वर्षांचे स्पेक्ट्रा माझ्याकडे पडून आहेत आणि त्यातल्या निम्म्यांवर आज माझा भरवसा नाही.

परदेशी सेलची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. खेर्डीत एक काका काचकाम करतात. दुकानाला पाटी नाही, पण ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत आहे, आणि क्वार्ट्झला तशी प्रखर ज्योत लागते. मी कागदावर नळी काढून नेली. ते म्हणाले, "मॅडम, आत काय तापवणार ते आधी सांगा, मग मी नळी धरतो." अर्धा तास त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लेझरसाठी एक बाजू सपाट हवी, हे त्यांनीच ओळखलं. गोल नळीतून प्रकाश फाकतो.

खिडकी उत्तम झाली आहे. क्वार्ट्झच्या स्वतःच्या रेषा ४४० आणि ८०० वेव्हनंबरच्या (रामन रेषेची जागा सांगणाऱ्या आकड्याच्या) आसपास येतात, ९०० ते १००० हा पट्टा जवळजवळ कोरा राहतो, आणि आम्हाला हवं ते नेमकं तिथेच असतं. व्हॅनॅडिल पायरोफॉस्फेटची, म्हणजे उत्प्रेरकाच्या मुख्य रूपाची, ठळक रेषा ९२३च्या आसपास. ब्युटेन बंद करून नुसती हवा सोडली की ती हळूहळू बसते आणि ९९५जवळ अल्फा-टू या प्रकारच्या व्हीओपीओ४ची रेषा वर येते, म्हणजे व्हॅनॅडियमची ऑक्सिडेशन अवस्था चारवरून पाचवर गेली. पहिल्यांदा हे पडद्यावर सरकताना पाहिलं तेव्हा मी जेवायला उठलेच नाही. बाहेर पडणारा वायू त्याच वेळी गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) जात असतो, त्यामुळे रेषा बदलली तेव्हा मलेइक ॲनहायड्राइड किती तयार होत होतं तेही कळतं. हे दोन्ही एकत्र मोजणं म्हणजेच ऑपेरांडो. त्यातलं एक गाळलं तर ते नुसतं तापवून फोटो काढणं झालं.

खोट होती ती बाहेर जाणाऱ्या नळीत. पहिल्या सेलमध्ये ती भट्टीबाहेर पाच सेंटिमीटर उघडी होती. मलेइक ॲनहायड्राइड ५३ अंशांखाली गोठतं. तिसऱ्या तासाला वळणावर पांढऱ्या सुया धरल्या, बारीक मिठासारख्या आणि एकात एक अडकलेल्या. नळी तुंबली आणि प्रवाह अडला. काकांनी एक पैसा न घेता ती आखूड करून दिली. त्यावर आता आम्ही हीटिंग टेप गुंडाळतो आणि १५० अंशांच्या खाली जाऊ देत नाही. गेल्या जूनमध्ये पावसात लाइट गेली तेव्हा मात्र पुन्हा सुया धरल्या. सेलला काही झालं नाही. क्वार्ट्झ तापमानाने फारसा फुगत-आकसत नाही, त्यामुळे असा धक्का तो सोसतो.

दुसरी तक्रार थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) नळीची. तिचं टोक भुकटीच्या थरापासून आठ मिलिमीटर लांब राहिलं, त्यामुळे आकडा कमी दिसायचा. लेझर जास्त ठेवला तर तो पडलेल्या ठिपक्यापुरती भुकटी आणखी तापते आणि ते थर्मोकपलला कळतच नाही, म्हणून मी लेझर मंदच ठेवते. ब्युटेन १.५ टक्क्यांवर ठेवते. १.८च्या आसपास हवेत पेट घेण्याची हद्द सुरू होते. हे कोणीही करणार असेल तर तिथे घाई नको.

दुसरा सेल सांगून आले आहे. या वेळी चित्रात थर्मोकपलचं टोक थरात रुतलेलं लाल पेनने काढून दिलं.