पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिकवर स्टेज १ रिमॅप: सोलापूरच्या उन्हात पैसे वसूल होतात का?

२०१३ साली आलेली पोलो जीटी टीएसआय आता जुन्या बाजारात बऱ्यापैकी मिळते. ११९७ सीसी, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. घेणाऱ्याच्या डोक्यात महिन्याभरात रिमॅपचा किडा वळवळतोच. स्टेज १ म्हणजे एकही पार्ट न बदलता फक्त ईसीयूमधली, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधली, फाइल बदलायची. ट्यूनर साधारण २० ते २५ पीएस आणि ४०-५० न्यूटन-मीटर वाढ सांगतात. फाइल चांगली असेल तर फरक जाणवतो: तुळजापूरच्या घाटात ट्रकमागून निघताना दोन गिअर खाली यायची गरज कमी पडते. पण आमचं मत आधीच सांगून टाकतो. इंजिनला एवढं झेपतं. रिमॅप चांगला की वाईट, हे ठरतं ती फाइल गिअरबॉक्सशी किती खरं बोलते यावर.

ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सला स्वतःचा कंप्युटर असतो, टीसीयू. इंजिन आत्ता किती टॉर्क देतंय हा आकडा ईसीयू त्याला सतत कळवतो आणि त्यावरून क्लच किती जोरात दाबून धरायचा ते टीसीयू ठरवतो. ‘प्लग अँड प्ले’ म्हणून विकला जाणारा ट्यूनिंग बॉक्स नेमका इथे घात करतो. तो बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरिंगमध्ये बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी बूस्ट दाखवतो. ईसीयू फसून बूस्ट वाढवतो, टॉर्कचा हिशोब मात्र त्या खोट्या आकड्यावरच मांडतो. समजा टीसीयूला कळले १७५ आणि प्रत्यक्षात आले २१०, तर क्लच १७५ पुरताच दाबलेला. मग वरच्या गिअरमध्ये पाय दिला की आरपीएम पळतात, गाडी जागच्या जागी, आणि पुढे जळका वास. मॅन्युअल गाडीत हा बॉक्स एखाद वेळेस खपून जातो; ऑटोमॅटिकला लावूच नका. पेडल बॉक्सचा तर पॉवरशी संबंधच नाही. अर्धं दाबलेलं पेडल तो पाऊण दाबल्याचं सांगतो. सात रस्त्याच्या सिग्नलवर गाडी उडी मारते, बस्स.

या पोलोतला गिअरबॉक्स डीक्यू२००, कोरड्या क्लचचा, २५० न्यूटन-मीटरच्या मर्यादेचा. म्हणून फाइल २२० च्या आसपास थांबवून घ्या. टॉर्क किती यापेक्षा कुठे येतो हे महत्त्वाचं. १८०० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतणारी फाइल टेस्ट ड्राइव्हला भारी वाटते, पण क्लच खाते ती हीच. २५०० पर्यंत टॉर्क चढत जाऊ दे, असं ट्यूनरला स्पष्ट सांगा. ‘तसं करता येत नाही’ असं उत्तर आलं तर त्याच्याकडे तयार फाइल आहे आणि तो ती सगळ्यांच्या गाडीत टाकतोय, हे समजून घ्या.

लॅपटॉप जोडण्याआधी गाडी धड आहे का ते बघा. इंजिनइतकाच गिअरबॉक्सही स्कॅन करा. पी१७बीएफ हा कोड असेल तर मेकॅट्रॉनिकमध्ये, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या युनिटमध्ये, हायड्रॉलिक प्रेशरची भानगड आहे, रिमॅप विसरा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालताना थरथर असेल तर क्लचचं वेअर (झीज) आणि अ‍ॅडाप्टेशनचे (गिअरबॉक्सने स्वतः जुळवून घेतलेले) आकडे काढायला लावा. के१ क्लचवर १, ३, ५, ७ हे गिअर, के२ वर २, ४, ६ आणि रिव्हर्स, त्यामुळे थरथर कुठल्या गिअरला आहे यावरूनही अंदाज येतो. नवे स्पार्क प्लग टाका आणि गॅप ०.७ मिमीच्या आत ठेवा. बूस्ट वाढलं की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि मिसफायर येतो. टायमिंग चेनच्या इंजिनात थंड स्टार्टला खडखडाट असेल तर आधी चेनचा खर्च. गिअरबॉक्स ऑइलचं एस्टिमेटही नीट वाचा. डीक्यू२०० मध्ये गिअरचं ऑइल सुमारे १.७ लिटर आणि मेकॅट्रॉनिकचं वेगळं, सुमारे १ लिटर. कोणी पाच-सहा लिटर आणि फिल्टर लिहून दिला असेल तर तो ओल्या क्लचच्या डीएसजीचा हिशोब तुमच्या गाडीला लावतोय.

फाइल लिहिताना बॅटरीला स्टॅबिलायझर चार्जर हवाच. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू तिथेच मरतो. मूळ फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर मागून घ्या.

त्यानंतरची लॉगिंग, म्हणजे गाडी पळवताना सेन्सरचे आकडे नोंदवणं, हाच या सेवेचा गाभा, आणि बहुतेक ठिकाणी हीच टाळली जाते. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर, २००० पासून पूर्ण थ्रॉटल. मात्र पेडलच्या तळाशी किक-डाउनचा खटका असतो, त्याच्या जरा वरच पाय थांबवायचा, नाहीतर मॅन्युअलमध्येही गिअर खाली पडतो आणि लॉग वाया. मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन रिटार्ड (नॉकिंग टाळायला ठिणगी किती अंश उशिरा टाकली), इनटेकचं तापमान, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), एवढं पाहिजे. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवून पॉवर मोजणारं यंत्र) असेल तर उत्तमच. रस्त्यावर करायचं तर पहाटे आणि मोकळ्या पट्ट्यात. रिटार्ड सगळ्या सिलिंडरवर पुन्हा पुन्हा चार अंशांपुढे जात असेल तर टायमिंग जास्त ओढलंय.

आणि इथेच सोलापूर आडवं येतं. डिसेंबरच्या सकाळी सुंदर दिसणारा लॉग मेमध्ये, पारा ४२-४३ वर असताना, होटगी रोडवर खोटा ठरतो. या इंजिनाचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला, पाण्याने थंड होणारा आहे. त्याचा रेडिएटर वेगळा, पंप इलेक्ट्रिक. त्यामुळे समोर लावायचा मोठा इंटरकूलर विकायला येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. त्याऐवजी रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि किडे मागच्या बाजूने हलक्या प्रेशरने धुवा, पंप चालतोय का ते स्कॅनरवर चालवून बघा, कूलंट बदला. एवढ्यानेच उन्हाळ्यातली मरगळ बरीच कमी होते. दुसरा लॉग एप्रिलच्या दुपारी फुकट करून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. तयार असेल तर तो ट्यूनर धरा.

पेट्रोलचं म्हणाल तर फाइल ज्या ऑक्टेनवर बनवली तेच कायम भरायचं. ९५ ची फाइल आणि ९१ चं पेट्रोल ही जोडी इंजिन ठोकायला लावते. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे; इथेनॉल या जिल्ह्याला नवं नाही, गावोगावी साखर कारखाने आहेत. त्याने नॉकिंग (इंजिनाचं ठोकणं) कमी होतं, पण त्याच पॉवरला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून पूर्ण थ्रॉटलला लॅम्बडा लीन जात (पेट्रोल कमी पडत) नाही ना ते लॉगमध्ये बघा. २०१३ ची गाडी ई२० साठी बनलेली नाही, तेव्हा रबरी फ्युएल पाइपवरही नजर ठेवा.

रिमॅपनंतर सिग्नलला ब्रेक अर्धवट दाबून गाडी रांगत ठेवायची सवय मोडा. कोरडा क्लच तिथेच तापतो. पूर्ण ब्रेक, किंवा थांबा मोठा असेल तर न्यूट्रल.

नंतरची १.० टीएसआय, ११० पीएसची आणि सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून ताकद देणाऱ्या ऑटोमॅटिकची), या बाबतीत जास्त सोशिक आहे. तिथे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) वेळेवर बदललं आणि लेव्हल कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासली की निम्मी काळजी मिटते. एएमटी गाड्यांवर (मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्या), म्हणजे सेलेरिओ, वॅगनआर वगैरे, रिमॅपचे पैसे घालू नका. टर्बो नसल्यावर वाढ नावापुरती, आणि गिअर बदलतानाचा झटका अ‍ॅक्च्युएटरचा असतो, फाइलचा नाही. सीव्हीटीला, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, तर हात लावू नका. बेल्ट घसरला की गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

आमचे गुण: लॉग आणि टॉर्कची मर्यादा पाळून केलेला रिमॅप पाचपैकी चार. लॉगशिवाय केलेला दीड. ट्यूनिंग बॉक्स शून्य. गाडीला यातलं काहीही करण्याआधी विम्याची पॉलिसी काढून बदलांबद्दलची अट वाचा. बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या हातात आयतं कारण जातं.