डीएड करू का बीएड?

बारावी झाली की घरोघरी हाच प्रश्न. आधी एवढंच ठरवा की कुठल्या वयाची मुलं शिकवायचीत, बाकी सगळं त्यावरच आहे.

डीएड (आता डीएलएड म्हणतात) बारावीनंतर 2 वर्षांचं, पहिली ते पाचवीसाठी हेच लागतं. 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बीएडवाले प्राथमिकला पात्र नाहीत, त्यामुळे बीएड मोठी डिग्री, म्हणजे सगळीकडे चालेल हा समज आता डोक्यातून काढाच.

बीएड विद्यापीठाचं, पदवीनंतर सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन, 2015 पासून तेही 2 वर्षांचं झालं. नववी-दहावीला शिकवायचं तर हेच. मी बीएड केलंय, पाठ टाचणं (तास कसा घ्यायचा याचे लेखी आराखडे) काढून काढून बोटं दुखायची, पण इंटर्नशिपला आठवीच्या वर्गात उभं राहिल्यावर कळलं की टाचणातली 5 मिनिटांची प्रस्तावना मुलं एका प्रश्नात उडवून लावतात, आणि तिथूनच खरं शिकवणं सुरू होतं.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पहिली ते आठवीसाठी आहेच, पेपर 1 पाचवीपर्यंत, पेपर 2 सहावी ते आठवी.

लहान मुलांत मन रमत असेल तर डीएडच करा, त्याला कमी समजू नका, अक्षरओळख करून देणं सगळ्यात अवघड काम आहे!