जीवाश्म कोन शंखांसाठी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च: घ्यावा का?

घ्यावा, पण पुढे काळी फिल्टर-काच असलेलाच. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च कोन शंखांसाठी (शंकूच्या आकाराचे समुद्री गोगलगायींचे शंख) जवळपास वाया. त्याचा जांभळा उजेड यूव्हीखाली उमटणारी शंखाची फिकट चमक गिळून टाकतो.

जीवाश्म शंख दिसायला पांढरेफटक. आधी ते घरगुती ब्लीचमध्ये दिवसभर बुडवा, धुवा, पूर्ण वाळवा. घाईत व्हिनेगर वापरू नका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, विरघळेल. मग अंधारात टॉर्च मारला की जिवंतपणी गडद असलेले ठिपके आणि पट्टे उजळतात. म्हणजे दिसते ते निगेटिव्ह; फोटोतले रंग उलटवले की मूळ नक्षी अंदाजाने मिळते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या शंखांवर हेच तंत्र वापरून २०१५ मध्ये २८ जाती मांडल्या गेल्या, त्यांतल्या १३ नव्या. त्यांतल्या कोनस कार्लोटीवर चक्क मोठाले ठिपके आहेत.

टॉर्चची खोट एकच: एलईडी तापला की उजेड मंदावतो आणि एकाच मालिकेतले फोटो जुळत नाहीत. मध्ये थांबत जा. ट्रायपॉड हवाच, एक्सपोजर काही सेकंदांचे लागते. सुती कपड्याचे धागे निळे चमकतात (साबणातल्या उजळकाची कृपा), डिंकही चमकतो. त्यांना नक्षी समजू नका. यूव्ही अडवणारा चष्मा घाला.

नक्षीवरून मात्र लगेच नाव ठेवायला धावू नये. शिखराची उंची, वेटोळ्यांवरच्या गाठी आणि खाचा, लांबी-रुंदीचे गुणोत्तर जुळवून पाहा. नव्या जातीला होलोटाइप (जातीचे नाव ज्याला बांधलेले असते तो एक नमुना) ठरवावा लागतो, आणि तो कपाटात नाही, संग्रहालयात ठेवायचा.