उन्हाचा फटका मोजताना: पोस्ट की मृत्युनोंदी?
मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला; त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले, हे एकूण मृत्युनोंदींची आगेमागच्या वर्षांशी तुलना केल्यावरच उमगले. नोंदींचे हे बळ निर्विवाद आहे, पण ते उशिरा हाती येते. समाजमाध्यमांवरील पोस्ट त्याच दुपारी बोलतात: वीज गेली, टँकर आला नाही, चक्कर आली. मात्र पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी आजी किंवा स्लॅब भरणारा मजूर पोस्ट टाकत नाही, आणि जिवाला खरा धोका त्यांनाच असतो. म्हणून टँकर कुठे धाडायचा हे ठरवताना पोस्ट जरूर पाहाव्यात; बळींची मोजदाद मात्र, माझ्या मते, नोंदींवरूनच व्हावी.